साडेचोवीस मापाचा डावा बूट

मी एक जुना बूट आहे. बर्फाच्या उतारावरून स्कीवर घसरत खाली येणारे लोक पायात घालतात तसला, भाड्याचा, डाव्या पायाचा. मित्रांनो, माझी गोष्ट सांगण्याआधी क्षमा मागून घेतो, कारण या गोष्टीत किळस फार आहे. कुणाचं मन दुखवावं असा माझा स्वभाव नाही. पण पंधरा हिवाळे परक्यांचे पाय पोटात घेतले, की जिभेवर साखर टिकत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. तापवलेलं प्लास्टिक लोखंडी साच्यात ओतलं, थंड झाल्यावर मला बाहेर काढलं, अंगावर चार चाप बसवले आणि पोटात मऊ अस्तर घातलं. माप साडेचोवीस. त्या दिवशी माझ्या अंगाला नव्या वस्तूचा स्वच्छ वास होता. पाय म्हणजे देवाने दिलेली गोष्ट, तिला कसला वाईट वास असणार, असं मला तेव्हा वाटायचं. किती भोळा होतो मी.

खोक्यातून बाहेर आलो तो जपानातल्या एचिगोच्या डोंगरात, युनोसावा गावच्या तोची-या नावाच्या लहानशा खानावळीत. वर आठ खोल्या, खाली जेवणाची चटई, आणि पुढच्या ओल्या ओसरीत भाड्याने द्यायचे बूट आणि स्की. हे घर फुमिएबाई चालवतात. त्यांचा नवरा हिवाळाभर रस्त्यावरचा बर्फ काढायच्या गाडीवर असतो, त्यामुळे घरात खरी वर्दळ त्यांची आणि त्यांच्या सासऱ्यांची, म्हणजे गेन्झोआजोबांची. आजोबा स्कीच्या कडांना धार लावतात आणि जिभेलाही.

फुमिएबाईंचा नेम होता. पहाटे उठायचं, ओसरी झाडायची, देवाच्या फळीवर पाणी, भात आणि मीठ ठेवायचं, दोन टाळ्या वाजवून मान लववायची. मग खाली येऊन आमच्या प्रत्येकाच्या पोटात हात घालून ओल बघायची आणि कोरड्या फडक्याने आतून पुसून काढायचं. चव्वेचाळीस जोड. शेवटचा बूट पुसून होईपर्यंत त्या चहाचा घोट घेत नसत, आणि चहा म्हणजे तर त्यांचा जीव की प्राण.

"सूनबाई, हात धुतलेस ना? त्याच हाताने मला लोणचं वाढशील," आजोबा म्हणायचे.

"मामंजी, तुमचे मोजे धुते तेव्हा असं काही म्हणत नाही तुम्ही."

"माझे मोजे घरचे आहेत."

आता पायांविषयी. सांगायला संकोच वाटतो, पण सांगतोच. थंडी वाजेल म्हणून माणसं दोन दोन जाडे मोजे घालतात. मित्रांनो, दोन मोज्यांत पाय घामाने भिजतो, भिजला की गारठतो, आणि एकमेकांवर सरकणारे मोजे कातडी सोलून काढतात. ते फुटलेले फोड माझ्या अस्तरात पाझरतात. त्याची शिसारी मला अजून येते. एकच मोजा घालावा, लांब आणि पातळ, धुतलेला. काही जण विजारीचं टोकही माझ्यात कोंबतात. ती घडी दिवसभर नडगीत रुतते आणि संध्याकाळी ते म्हणतात, बूट टोचतो. टोचत मी नव्हतो, त्यांची विजार टोचत होती. एका गृहस्थांनी तर सुकलेला मासा चघळता चघळता मला चढवलं आणि मासा माझ्यात पडला. तो तसाच राहू देऊन ते तीन तास स्की करत होते. फुमिएबाईंनी तो चिमट्याने बाहेर काढला तेव्हा गेन्झोआजोबांसारखा माणूसही उठून बाहेर गेला.

मला घालायची रीत सोपी आहे. आधी टाच जमिनीवर ठोकून मागे बसवायची. मग गुडघा पुढे वाकवून वरचे चाप आवळायचे, खालचे नुसते लावायचे. ताठ उभं राहिलं की बोटं पुढे टेकावीत आणि गुडघा वाकवला की जरा मागे सरकावीत. एवढं जमलं तर मी पायाला कधी त्रास दिलेला नाही. पण लोक आरामासाठी दोन मापं मोठा बूट मागतात, आणि उतारावर त्यांचा पाय माझ्यात बरणीतल्या मुळ्यासारखा हलतो. पाय वळला तरी स्की वळत नाही.

माझा सगळ्यात मोठा अपमान झाला तो गाड्या उभ्या करायच्या जागेत. जेवायला, सिगारेट ओढायला, फोटो काढायला लोक मला घालून डांबरावरून फरफटत हिंडतात. त्याने माझा तळ झिजतो, विशेषतः पुढचं टोक. आता तुम्ही म्हणाल, तळाचं एवढं काय. स्कीवर एक पकड असते. ती माझं टोक आणि माझी टाच धरून ठेवते, आणि माणूस वेडावाकडा पडला की खट् करून मला सोडून देते, म्हणजे पाय स्कीबरोबर मुरगळत नाही. तळ झिजलेला असला किंवा तळाखाली बर्फाचा गोळा चिकटलेला असला, की पकडीला सोडणं जमत नाही. म्हणून स्कीवर पाय ठेवण्याआधी तळ खरवडायचा असतो. दोन क्षणांचं काम. पण डोंगरावर नेणाऱ्या पाळण्यांच्या रांगेत मागे उभे असलेले ओरडत असतात, चल चल, लिफ्ट सुटली.

पकड किती जोर लागला की सोडायची, हे एका आकड्याने ठरतं आणि तो आकडा कागदावरून येतो. फुमिएबाई प्रत्येक पाहुण्यापुढे कागद ठेवतात. उंची, वजन, वय, आणि शेवटी कसब: जपून जाणाऱ्याने एक लिहायचं, मधल्याने दोन, वेगाने जाणाऱ्याने तीन. त्यावरून आजोबा पकडीचा स्क्रू फिरवतात. वजन कमी लिहिलं तर पकड नको तेव्हा सुटते. कसब जास्त लिहिलं तर हवी तेव्हा सुटत नाही. आणि मित्रांनो, या कागदावर माणसं जितकं खोटं लिहितात तितकं देवापुढेही बोलत नसतील.

तीन हिवाळ्यांपूर्वी सैतामाकडच्या एका छापखान्यातली सात माणसं सहलीला आली. त्यांचे साहेब कुवाबारा. चटईवर बसल्याबरोबर ते म्हणाले, "मी तुमच्या वयाचा होतो तेव्हा शनिवारी रात्री गाडी काढायचो आणि पहाटे इथल्या लिफ्टच्या रांगेत पहिला असायचो. या उताराला माझी पाठ ओळखते."

"पाठच ओळखत असेल," आजोबा ओसरीतून पुटपुटले. "पडल्यावर तीच टेकते."

साहेबांनी पंचवीस वर्षांत बर्फ पाहिला नव्हता. त्यांनी तीन लिहिलं. कागद मानाच्या क्रमाने खाली सरकत गेले. त्या लोकांत जेवायला बसलं की साहेब जे मागवतील तेच सगळे मागवतात. तसंच झालं. दुसऱ्याने साहेबांच्या कागदाकडे डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं आणि तीन लिहिलं. तिसऱ्याने तीन. शेवटी बसली होती काहो, चोवीस वर्षांची. शाळेच्या सहलीत दोनदा काय ती स्कीवर उभी राहिलेली. तिचं पेन एकाच्या आकड्यावर थबकलं, तेव्हा शेजारची कुजबुजली, "काय गं, साहेब तीन आणि तू एक? उद्या सगळ्यांनी तुझ्यासाठी थांबायचं का?"

काहोने तीन लिहिलं.

फुमिएबाईंनी विचारलं, "हे बरोबर आहे ना, बाळ?"

"हो, काकू."

पाहुण्याला एकच गोष्ट दोनदा विचारणं म्हणजे तू खोटं बोलतोस असं तोंडावर सांगणं, अशी त्या घराची समजूत. बाईंनी मान लववली आणि कागद आजोबांकडे दिला. आजोबांनी स्क्रू फिरवला. मी काहोच्या वाट्याला आलो.

तिचा पाय स्वच्छ होता. एकच पातळ मोजा, वर लहानसं रफू. पंधरा वर्षांत मला किळस आली नाही असे जे थोडे पाय भेटले, त्यातला तो एक. आदल्या संध्याकाळी ती फुमिएबाईंना सांगत होती, चार वर्षं ती चहा करायचं शिकत होती. गुडघे मोडून बसायचं, पाणी तापवायचं, वाटीत हिरवा चहा घुसळायचा, ते सगळं रीतसर. येत्या वसंतात गुरूंच्या घरी पहिल्यांदा तिच्या हातचा चहा पाहुण्यांपुढे जाणार होता.

"मग मला कधी?" बाईंनी विचारलं.

"काकू, तुम्हाला इथेच येऊन करून देईन. पण मी करताना हसायचं नाही."

दुसऱ्या दिवशी साहेब सगळ्यांना थेट वरच्या लिफ्टने घेऊन गेले. नवशिक्याने खालच्या पसरट उतारावर थांबणं, वळणं आणि पडणं आधी शिकावं, पण साहेब वर गेल्यावर खाली थांबायचं कुणी? दुपारी ते बिअर प्यायले, सगळे प्यायले. मला डांबरावरून गाडीपर्यंत आणि परत फरफटवलं. ऊन चढून बर्फ चिकट झाला. काहोची मांडी थरथरत होती, ते मला नडगीतून कळत होतं. थकल्यावर शेवटची फेरी मारू नये, हे इथलं पोरही जाणतं. साहेब म्हणाले, "आता एकच शेवटची." काहो माझा तळ खरवडायला वाकली. "अगं, चल ना," कुणीतरी ओरडलं. ती तशीच स्कीवर चढली, माझ्या टोकाखाली बर्फाचा घट्ट गोळा घेऊन.

ती वेगाने पडली असती तर झटक्याने पकड सुटून पाय कदाचित वाचला असता. ती हळू पडली. स्कीचं मागचं टोक चिकट बर्फात रुतलं, अंग एकीकडे वळलं आणि पाय दुसरीकडे राहिला. मी वाट पाहत होतो, आता पकड सोडील, आता खट् होईल. झालं नाही. मीच तिचा पाय धरून ठेवला. आतून एक लहानसा आवाज आला, ओली काडी मोडावी तसा.

साहेब वर वळून पाहत म्हणाले, "जरा सांभाळून नको का?"

मित्रांनो, तो मासा एक वेळ परवडला.

काहोच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. वसंत आला आणि गेला. तिचं पत्र आलं तेव्हा फुमिएबाई ते ओसरीत, आमच्यासमोर उभ्या राहून वाचत होत्या. चालता येतं, पण गुडघा पुरता मुडपत नाही. चटईवर बसता येत नाही, म्हणून चहा सुटला, असं तिने लिहिलं होतं. कुणाला दोष दिला नव्हता. त्याच दिवशी बाईंनी चहा सोडला. त्या डोंगरात लोक एखाद्या इच्छेसाठी आवडती वस्तू सोडतात. काहो गुडघे मोडून बसेल आणि तिच्या हातचा चहा मिळेल, तोवर गरम पाणी.

"गुडघा तिचा आणि उपास तुझा?" आजोबा म्हणाले.

"विचारायचं काम माझं होतं, मामंजी."

"स्क्रू तर मी फिरवला."

"तुम्ही कागद वाचलात. मी तिचा चेहरा पाहिला होता."

आजोबांनी मला उचललं. टाकून द्यायला निघाले, झिजलेला तळ कुणाच्या कामाचा नाही म्हणून. बाईंनी मला त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि ओसरीतल्या वरच्या फळीवर ठेवलं, न धुता, तळ बाहेर करून. माझा जोडीदार, उजवा बूट, गेला. मी उरलो. त्या दिवसापासून मला कुणी पायात घातलेलं नाही.

यंदाच्या हिवाळ्यात कुवाबारासाहेबांची माणसं पुन्हा आली. साहेब आणखी वरच्या हुद्द्यावर गेले होते आणि कमरेतही वाढले होते. काहोही आली होती. स्की करणार नव्हती, पण सहल सगळ्यांची म्हटल्यावर मागे राहायची सोय नव्हती. नव्या होत्या नोनाकाबाई, त्रेपन्न वर्षांच्या, त्याच वर्षी छापखान्यात लागलेल्या. ठेंगण्या मेजावर चहा होता, तांदळाच्या पापड्या होत्या, मुळ्याचं लोणचं होतं, आणि त्यांच्यामध्ये कागद. साहेबांनी वजन बहात्तर लिहिलं आणि कसब तीन. कागद खाली सरकले. तीन. तीन. तीन. नोनाकाबाईंनी शेजारी पाहिलं आणि तीन लिहिलं. काहो भिंतीला टेकून, डावा पाय लांब करून बसली होती. तिने ते पाहिलं.

"हे बरोबर आहे ना?" फुमिएबाईंनी विचारलं.

"बरोबर, बरोबर," साहेब सगळ्यांच्या वतीने म्हणाले.

बाईंनी मान लववली, कागद गोळा केले आणि ओसरीत आल्या. आजोबा स्क्रू फिरवायचं हत्यार घेऊन बसले होते. बाई कागद देईनात. त्या माझ्याकडे पाहत होत्या. मग त्यांनी हात वर केला, मला खाली घेतलं, आणि ज्या घरात साधी वहाणसुद्धा ओसरीच्या पुढे जात नाही त्या घरात मला हातात धरून चटईवर गेल्या. मला त्यांनी मेजावर ठेवलं. लोणच्याच्या बशीशेजारी, तळ वर करून. तीन वर्षांचं डांबर, माती आणि बुरशी अंगावर घेऊन मी त्या पापड्यांमध्ये उभा होतो.

सगळे मागे सरकले. कुणीतरी नाकाला रुमाल लावला.

"हे काय, बाई," साहेब म्हणाले. "आम्ही खातोय इथे."

"किळस आली ना, साहेब," फुमिएबाई हळू आवाजात म्हणाल्या. "मलाही येते. हा काहोच्या पायातला बूट. हा तळ बघा. तेव्हा मी एकदाच विचारलं होतं. आज दुसऱ्यांदा विचारते, रागावू नका. कागदावर जे लिहिलंय ते खरं आहे का?"

"मागच्या वेळीही तीनच लिहिलं होतं आम्ही."

"मागच्या वेळी काय झालं, त्याचा रकाना नाही त्या कागदावर," आजोबा ओसरीतून म्हणाले.

साहेबांचा चेहरा लाल झाला. "पाहुण्याला खोटारडा म्हणायची रीत आहे का तुमच्याकडे? डोंगराच्या पलीकडे दहा खानावळी आहेत. आम्ही उठतो."

कुणीच उठेना, कारण साहेबच अजून उठले नव्हते. फुमिएबाई बाहेर गेल्या आणि तांदळाची पोती तोलायचा काटा ओढत आत घेऊन आल्या. सगळ्यांच्या देखत त्या स्वतः त्यावर चढल्या.

"अडुसष्ट," त्या म्हणाल्या. "वय एकोणसाठ. आणि खरं सांगायचं तर इतकी वर्षं इथे राहून मला वरच्या उताराची भीती वाटते. माझ्या कागदावर एक लिहा, मामंजी."

"अडुसष्ट?" आजोबा म्हणाले. "मला तर साठ सांगितलं होतंस."

नोनाकाबाईंना हसू आलं. ते दाबता दाबता त्या उठल्या आणि काट्यावर जाऊन उभ्या राहिल्या. "मी बर्फावर कधी उभीसुद्धा राहिलेली नाही," त्या म्हणाल्या. "साहेबांनी तीन लिहिलं, म्हणून मी." मग काहो भिंतीचा आधार घेत उठली. तिने नोनाकाबाईंचा कागद बाईंच्या हातून घेतला, तीन खोडलं आणि एक लिहिलं. "साहेब, तेव्हा मीही एकच लिहिणार होते," एवढंच ती म्हणाली आणि पुन्हा आपल्या जागेवर जाऊन पाय लांब करून बसली.

साहेब माझ्या तळाकडे पाहत होते. माझ्या टोकाला जिथे झीज आहे तिथे त्यांची नजर थांबली होती. शेवटी ते उठले, पण दाराकडे गेले नाहीत. काट्यावर चढले. काटा शहाऐंशीवर थांबला.

"काटा जुना आहे," ते म्हणाले.

"जुना आहे, पण तांदळाशी खोटं बोलत नाही," आजोबा म्हणाले. "कसब काय लिहू?"

"एक लिहा," साहेब म्हणाले, इतक्या हळू की आजोबांनी त्यांना मुद्दाम पुन्हा विचारलं.

त्या दिवशी मी ओसरीच्या खिडकीत होतो. बाईंनी मला तिथेच ठेवलं होतं. सगळी माणसं खालच्या पसरट उतारावर होती, साहेबसुद्धा. नोनाकाबाई पडत होत्या, उठत होत्या, पुन्हा पडत होत्या. दर खेपेला स्की पायातून निघून बाजूला जायची. खट्. एवढ्या लांबून आवाज कसला ऐकू येणार, पण मी तो मोजत होतो, जपमाळेचे मणी ओढावेत तसा. अकरा झाले. संध्याकाळी त्या लाल नाकाने, दोन्ही गुडघे शाबूत ठेवून सरळ चालत ओसरीत आल्या. बूट काढले, चाप लावून जागेवर ठेवले आणि म्हणाल्या, "अकरा वेळा पडले, बाई. उद्या बारा."

जेवणाआधी काहोने स्वयंपाकघरात पाणी तापवायला ठेवलं. घरून तिने चहाची पूड आणि घुसळायची रवी आणली होती. ती चटईवर गुडघे मोडून बसायला गेली. उजवा मुडपला. डावा निम्म्यावर अडला. तिने ओठ दाबून आणखी थोडा रेटला, मग सोडून दिला आणि तो बाजूला काढून तिरकी बसली. तशी बसूनच तिने चहा घुसळला आणि वाटी दोन्ही हातांनी फिरवून फुमिएबाईंपुढे ठेवली. वाफ वर येत होती.

बाई वाटीकडे पाहत राहिल्या. चहा सोडून तीन वर्षं होत आली होती.

"मागच्या वर्षी इतकाही वाकत नव्हता, काकू," काहो म्हणाली.

"मग पुढच्या वर्षी वाकेल," बाई म्हणाल्या. त्यांनी वाटीला मान लववली आणि ती हळूच सासऱ्यांपुढे सरकवली. "मी तोवर गरम पाणी पिते."

आजोबांनी वाटी उचलली. एरवी तोंडात येईल ते बोलणारा माणूस, पण चहा संपल्यावर त्याने रिकाम्या वाटीला मान लववली.

मित्रांनो, मी आता दाराजवळच्या फळीवर असतो, तळ बाहेर करून, म्हणजे येणाऱ्याला आधी मीच दिसतो. लोक नाक मुरडतात. मुरडू देत. तुमच्यापैकी कुणी कधी बर्फावर गेलात, तर मोजा धुतलेला घाला, स्कीवर चढण्याआधी तळ खरवडा, आणि थकलात की शेवटची फेरी दुसऱ्याला द्या. कागद पुढे आला की शेजाऱ्याच्या कागदात पाहू नका, आणि कुणी हळू आवाजात दुसऱ्यांदा विचारलं तर रागावू नका. पहाटे देवाला पाणी ठेवून झालं की फुमिएबाई अजूनही माझ्या पोटात हात घालून ओल बघतात. माझ्यात आता ओल कुठून असणार? तरी त्या मला आतून पुसतात, तळाला हात लावत नाहीत, आणि स्वयंपाकघरात जाऊन पाणी तापवतात.